टायर अचानक फुटत नाही

ऑक्टोबर २०१०मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि ३८ वर्षांचा एक प्रवासी दगावला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने २०१६मध्ये त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणं ही देवाची करणी आहे, त्याला माणूस जबाबदार कसा, असा तिचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये तो फेटाळला. टायर फुटणं हा निसर्गाचा कोप नव्हे, त्यामागे कारणं असतात आणि निघण्याआधी टायर तपासणं हे गाडीवाल्याचं काम आहे, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने तो योग्य आहेच, पण टायर कसा चालतो आणि कसा मरतो हे पाहिलं तर यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही तो तितकाच खरा ठरतो.

गाडीचं वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो आणि वर आला की पुन्हा सरळ होतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाला मोटारीच्या टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला साधारण चौदा-पंधरा वेळा असा दबतो. हवा पुरेशी असेल तर हे दबणं थोडक्यात भागतं. हवा कमी असेल तर बाजूची भिंत जास्त वाकते, आणि तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तापते तसा टायर आतून तापत जातो. रबर आणि आतले दोर किंवा तारा यांची पकड त्या उष्णतेने सुटू लागते. हे तासन्‌तास, कधी कित्येक आठवडे चालतं. शेवटी थर उकलतो किंवा भिंत फाटते, तेव्हा आपण म्हणतो, ‘ब्लास्ट झाला’. खरं तर त्या क्षणी एक जुनी प्रक्रिया फक्त संपलेली असते.

उन्हाळ्यात, विशेषतः काँक्रीटच्या महामार्गावर जाताना, हवा दोन-चार पौंड कमी ठेवावी हा सल्ला म्हणूनच घातक आहे. तो देणाऱ्याचा तर्क समजू शकतो: उष्णतेने हवा प्रसरण पावते, दाब वाढतो, मग टायर फुटेल. पण तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं तर दाब साधारण एक पौंडच वाढतो आणि ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. गाडीच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर जो आकडा असतो तो थंड टायरचा असतो. लांबून आल्यावर मोजलेला आकडा त्याहून जास्त दिसणारच. तो पाहून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर उपाशी राहतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच जास्त तापतो.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटण्याचा विषय घरोघरी पोहोचला. जुलै २०२३मध्ये सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ जण मृत्युमुखी पडले. टायर फुटला असं चालकाने सांगितलं, परंतु तशी खूण आढळली नाही, असं परिवहन खात्याच्या अहवालात आलं. टायरवर बोट ठेवलं की चौकशीच थांबते, आणि ती थांबू नये. टायर फुटला म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: त्यात हवा किती होती, तो किती जुना होता, शेवटचा कोणी पाहिला होता?

पाहायचं काय, याची उत्तरं टायरवरच असतात. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला, तर हवा सतत कमी होती. मध्येच झीज असेल तर हवा जास्त होती. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे. ठिकठिकाणी चट्टे पडले असतील तर बॅलन्सिंग किंवा शॉकअब पाहायला हवेत. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे मोटारीच्या टायरची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की तो बदलायचाच. भिंतीवरच्या लांबलचक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वय सांगतात: २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर असूनही भिंतीला बारीक भेगा असतील तर तो रबर म्हातारा झालेला असतो. आणि आतल्या बाजूने हात फिरवताना कुठे फुगवटा लागला, तर तिथले दोर तुटलेले असतात. त्याला दुरुस्ती नाही.

चाकाचंही तसंच. नटभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट ढिला असल्याची ती खूण असू शकते. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, आणि हे फार थोडे लोक करतात. ट्रकच्या जोडचाकात तर सगळ्यात दुर्लक्षित टायर आतला. तो दिसत नाही, त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात जाईना, मग टामीने ठोकून आवाजावर भागवलं जातं. पार बसलेला टायर त्याने कळेल, पण वीस-पंचवीस पौंड कमी असलेला हमखास कळेल अशी खात्री नाही. आतल्यात हवा कमी असली की त्याचा बोजा शेजारच्यावर येतो, म्हणजे एकाच्या हलगर्जीपणाने दोघे जातात.

यावर एक खरा आक्षेप आहे: दोष कारखान्यातला असेल तर तपासून काय होणार? अमेरिकेत २०००मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोररला बसवलेले होते, आणि नक्षीचा थर उकलून झालेल्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसं गेली. टायर सदोष होतेच. पण फोर्डने त्या गाडीसाठी २६ पौंडांचीच हवा सुचवली होती, आणि ती आणखी उतरली की उष्णतेला मोकळं रान मिळत होतं, हाही वादाचा मोठा भाग होता. पुढे तिथल्या कायद्याने नव्या गाड्यांत हवेचा दाब सांगणारा दिवा सक्तीचा केला. तरी तो दिवा दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्के उतरला की लागावा एवढीच सक्ती आहे. दिवा लागला नाही म्हणून हवा बरोबर आहे असं समजणारा चालक २० टक्के कमी हवेवर निर्धास्त धावू शकतो. रस्त्यातल्या लोखंडी तुकड्याने टायर फाटला तर तो अपवाद मान्य. मात्र अपवादाच्या आडोशाला बाकीचे सगळे टायर उभे करता येत नाहीत.

दुसरा आक्षेप पैशाचा. एका ट्रकचे दहा-बारा टायर बदलायला मालकाला कर्ज काढावं लागतं, तेव्हा रिमोल्डवर भागवणारा तो बेजबाबदार, असं म्हणणं अन्यायाचं आहे. रिमोल्ड हा मुळात दोष नाहीच. एसटी महामंडळ आपल्या कारखान्यांत टायरवर नवी नक्षी चढवून ते वापरत आलं आहे, आणि विमानाचे टायरही अनेकदा रिमोल्ड होतात. फरक पडतो तो सांगाडा तपासण्यात. जुन्या टायरचा सांगाडा आतून-बाहेरून पाहून, जखमी असेल तो बाजूला काढून मगच नक्षी चढवली तर तो टायर पुन्हा कामाचा होतो. कमी हवेवर पळवून सांगाडाच जाळून टाकला असेल तर नव्या रबराखाली तेच मरण झाकलं जातं. म्हणजे ज्याला टायर परवडत नाही, त्यालाच हवा मोजण्याची सर्वाधिक गरज आहे. पेट्रोल पंपावर हवा फुकट भरून देणं बंधनकारक आहे. तिथे गाडी थंड असताना पोहोचावं, पट्टीवरचा आकडा आपणच सांगावा, भरणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नये, आणि चार चाकं झाल्यावर स्टेपनीलाही पाइप लावायला सांगावं. ती महिनोन्‌महिने कोणी पाहिलेली नसते आणि लागते ती आडरानात.