खोक्यावर हिरो, आत रिकामं : टीव्ही मालिकांवरचे गेम का फसतात?



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, त्या दिवशी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा दप्तरात काहीतरी लपवून घेऊन आला होता. मधल्या सुट्टीत बघितलं, तर हातात धरून खेळायचा छोटा व्हिडिओ गेम. भाऊबीजेचे आणि आजीने दिलेले पैसे साठवून त्याने तो बाजारातून स्वतः घेतला होता. खोक्यावर टीव्हीवरच्या त्याच्या लाडक्या हिरोचं मोठं रंगीत चित्र आणि बाजूला 'चारशे गेम' असं लिहिलेलं. आत मात्र विटा रचायच्या, गाडी पळवायची, साप वाढवायचा, तेच जुने खेळ. थोड्या वेळाने तेच खेळ दुसऱ्या नावाने परत यायचे.

मला वाटलं, फसवले गेलो म्हणून तो चिडला असेल. पण तो म्हणाला, "बाई, मी तीन दिवस शोधतोय. पुढच्या लेव्हलला तो येणार असेल ना?"

हिरो त्यात नव्हताच. पण त्याला वाटत होतं की आपणच कमी पडतोय. हे ऐकून मला काही सुचेना. वस्तू खराब निघाली तर मोठी माणसं दुकानदाराला बोल लावतात. लहान मूल स्वतःला बोल लावतं. म्हणून हा विषय आज जरा सविस्तर मांडते.

खोटं नाव आणि खरं नाव

या मुलाच्या बाबतीत गोष्ट सरळ आहे. कुणीतरी परवानगी न घेता चित्र छापलं आणि माल विकला. याला आपण नक्कल म्हणतो. पण रीतसर हक्क घेऊन, नाव-चित्र सगळं खरं असूनही निराश करणारे गेम असतात. त्यांचं कारण समजून घेतलं तर मुलांना समजावणं सोपं जातं.

एक उदाहरण घेऊ. आयपीएलमधली कोलकाता नाइट रायडर्स टीम मुलांना माहीत असते. हे नाव एका जुन्या अमेरिकन मालिकेवरून आलं आहे. 'नाइट रायडर' ही मालिका १९८२ ते १९८६ या काळात अमेरिकेत चालली. त्यात मायकल नाइट नावाचा नायक आणि 'किट' नावाची काळी गाडी. गाडीच्या नाकावर लाल दिवा डावीकडून उजवीकडे पळायचा. पण लोकांना वेड लावलं ते गाडीच्या बोलण्याने. ती विचार करायची, मायकलला टोमणे मारायची, त्याला संकटातून सोडवायची. थोडक्यात, ती दोन मित्रांची गोष्ट होती. त्यातला एक मित्र गाडी होता, इतकंच.

मालिका संपून सोळा वर्षं झाल्यावर, २००२ मध्ये, नेदरलँड्समधल्या डॅव्हिलेक्स नावाच्या कंपनीने यावर कॉम्प्युटर आणि प्लेस्टेशन २ साठी गेम काढला. ही कंपनी कमी किमतीच्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी ओळखली जायची. तिकडच्या 'ए टू' या महामार्गावरची त्यांची शर्यत खूप खपली. मग जर्मनीसाठी जर्मन नावाने, इंग्लंडसाठी लंडनच्या नावाने त्याच धर्तीचे गेम निघाले.

'नाइट रायडर'च्या गेममध्ये गाडी दिसायला हुबेहूब होती. लाल दिवा होता, बटण दाबलं की गाडी हवेत उडी मारायची. पण खेळणाऱ्याच्या हातात काय होतं? स्टिअरिंग. वेळेत तिथे पोहोचा, त्या गाडीचा पाठलाग करा, इथून उडी मारा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ज्या मैत्रीसाठी लोक मालिका बघत, ती खेळात करायला काहीच नव्हती. गाडी बोलायची, पण तिच्याशी बोलायची सोय नव्हती. गेमवर टीका झाली, तरी नावावर तो खपलाही, आणि २००४ मध्ये त्याचा दुसरा भाग आला.

पैसा कुठे जातो?

असं का होतं? पहिलं कारण पैसा आणि वेळ. प्रसिद्ध नाव वापरायचं तर त्याच्या मालकाला आधी मोबदला द्यावा लागतो. एकूण पैसे मोजकेच असले तर नावावर गेलेले पैसे खेळ घडवण्यातून कमी होतात. शिवाय नाव चर्चेत आहे तोवर माल दुकानात यायला हवा, ही घाई.

याचं गाजलेलं उदाहरण टीव्हीचं नाही, सिनेमाचं आहे. १९८२ मध्ये 'ई. टी.' हा सिनेमा प्रचंड चालला. अटारी कंपनीने त्याच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलरच्या वर रक्कम मोजली असं सांगितलं जातं. बोलणी लांबली आणि नाताळपूर्वी गेम बाजारात हवा होता. त्यामुळे गेम बनवणाऱ्याच्या हातात उरले जेमतेम पाच आठवडे! त्या काळी असं काम व्हायला कित्येक महिने लागत. सुमारे ४० लाख कॅसेट तयार झाल्या आणि त्यातल्या पुष्कळ परत आल्या. कंपनीने न खपलेला माल अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात जमिनीत पुरला. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं, तेव्हा त्या कॅसेट खरोखर सापडल्या.

सेटच्या मागे काय असतं?

दुसरं कारण मला आपल्याच भागात समजलं. मोहोपाड्यापासून चौक काही लांब नाही. चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. 'राजा शिवछत्रपती' ही मालिका आणि 'जोधा अकबर' सिनेमा यांचे सेट तिथे लागले होते. मुलांना घेऊन तिथे गेलो, तेव्हा समोरून बुलंद दिसणारी भिंत पाहून मुलं थक्क झाली. मग दोघं-तिघं पळत तिच्या मागे गेली आणि ओरडली, "बाई, इथे काहीच नाहीये! नुसत्या बांबू-फळ्या!"

त्यात फसवणूक नाही. कॅमेरा मागे जाणारच नसतो, मग मागची बाजू बांधायची कशाला? मालिकेत आपण काय बघायचं हे दिग्दर्शक ठरवतो. गेममध्ये मात्र खेळणारा त्या दोघा-तिघांसारखा असतो. तो मागे जातो, दार ढकलून बघतो, नको तिथे उडी मारतो. म्हणजे गेम बनवणाऱ्याला चारही बाजूंनी किल्ला बांधावा लागतो, आणि प्रत्येक दार ढकलल्यावर काय होईल हेही ठरवावं लागतं. बजेट कमी असलं की दारं बंद ठेवली जातात. मग उरतो एकच सरळ रस्ता, 'नाइट रायडर'च्या गेमसारखा.

मग चांगला गेम होतच नाही का?

होतो की! आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून 'डक टेल्स' पाहिलं असेल. कंजूष अंकल स्क्रूज आणि त्याच्या भाच्याचे तीन भाचे. या कार्टूनवर जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८९ मध्ये गेम काढला. त्यात चित्रं साधीच होती, पण एक युक्ती अफलातून होती. स्क्रूजच्या हातातली काठी! ती जमिनीवर टेकवून तो टुणटुण उड्या मारत जातो. त्याच काठीने शत्रूला हरवायचं, दगड उडवायचे, काट्यांवरून पार व्हायचं. अ‍ॅमेझॉनचं जंगल, हिमालय, चंद्र अशा पाच जागा, आणि आधी कुठे जायचं ते आपण ठरवायचं. हिमालयात तर मऊ बर्फात काठी रुतायची आणि स्क्रूज अडकायचा! म्हणजे जागा बदलली की विचारही बदलावा लागायचा. हा गेम जगभरात १६ लाखांहून जास्त खपला.

फरक लक्षात आला का? दोन्ही गेमकडे मालिकेचं खरं नाव होतं. एकाने मालिकेतलं चित्र उचललं. दुसऱ्याने मालिकेतली एक वस्तू घेऊन तिच्यापासून खेळाचा नियम बनवला. खेळ म्हणजे नियम. आपल्या लगोरीत काय असतं? सात ठिकऱ्या आणि एक चेंडू. त्यावर कोणाचंच चित्र नसतं. तरी 'आधी रचू का आधी पळू' हा निर्णय दर मिनिटाला घ्यावा लागतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलं ती खेळतात.

आता माझीच चूक सांगते

हे सगळं लिहिताना माझ्या लक्षात आलं की मीही तेच केलं होतं. हातच्याची वजाबाकी मुलांना कंटाळवाणी वाटायची, म्हणून मी सरावाच्या कागदावर छोटा भीमचं चित्र टाकून झेरॉक्स काढल्या. मुलं खूश! सगळ्यांनी भीम रंगवला. गणितं मात्र तशीच राहिली. खोक्यावर हिरो आणि आत तीच जुनी वजाबाकी, वेगळं काय केलं मी?

मग पद्धत बदलली. भीम लाडू खाल्ला की ताकदवान होतो, हे प्रत्येक मुलाला माहीत. वर्गात टुनटुन मावशीचं दुकान मांडलं. नियम दोनच. दहा लाडवांचा डबा बंद असतो, आणि भीमला सुटेच लाडू चालतात. मावशीकडे ४ डबे आणि २ सुटे लाडू, म्हणजे ४२. भीमला हवेत ७. सुटे तर दोनच! आता? "बाई, डबा फोडा!" असं पोरंच ओरडली. फोडला डबा. सुटे झाले १२, त्यातले ७ दिले, उरले ३ डबे आणि ५ सुटे, म्हणजे ३५. दशक सुटा करणं हे याहून वेगळं काय असतं? त्या दिवशी भीमचं एकही चित्र लागलं नाही. खडे आणि काडेपेट्या पुरल्या.

पालकांसाठी : विकत घेण्याआधी

* खोक्यावरचं चित्र हाताने झाका. आता हा गेम कशाचा आहे ते सांगता येतं का?
* मुलाला यात काय ठरवायला मिळतं? की नुसतं बटण दाबत राहायचं?
* हरल्यावर 'का हरलो' हे कळतं का? कळलं तर मूल शिकतं, नाही कळलं तर ते स्वतःला दोष देतं.
* जाहिरात बघू नका. प्रत्यक्ष कोणी खेळत असल्याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ मुलासोबत बसून बघा.
* दुकानात खोकं उघडून, गेम चालू करून दाखवायला सांगा.

आणि एवढं करूनही फसलात, तर मुलाला "पैसे वाया घालवलेस" असं म्हणू नका. "हा गेम नीट बनवलेला नाही, तुझं काही चुकलं नाही," हे वाक्य आधी बोला.

वर्गात करून बघा

तिसरी-चौथीच्या मुलांना गटात बसवा. प्रत्येक गटाने आवडीची मालिका निवडायची. त्यातली एकच वस्तू किंवा सवय घ्यायची आणि तिच्यावरून खेळाचे तीन नियम लिहायचे. अट एकच, नायकाचं चित्र काढायचं नाही. खेळ दुसऱ्या गटाने खेळून बघायचा आणि कुठे कंटाळा आला ते सांगायचं. भाषा, तर्क आणि दुसऱ्याचं ऐकून घेणं, तिन्ही एका तासात होतं.

आमच्या वर्गात हा उपक्रम झाला, तेव्हा त्या मुलाच्या गटाने सोंगट्या आणि फाशाचा खेळ केला. त्याचा हिरो त्यात होता. शेवटच्या घरात लपलेला. तिथे पोहोचायला अवघड होतं, पण तो खरंच तिथे होता.

तुमच्या वर्गात मुलांनी कोणते नियम शोधले, ते मला नक्की कळवा.