चोचीला काम हवे

पिंजऱ्यातील पाखराला काय हवे, असे कोणी विचारले तर आपण सहज उत्तर देतो : दाणा आणि पाणी. आम्हीही कित्येक वर्षे हेच उत्तर देत आलो. हिमायतनगर येथील आमच्या घराच्या गॅलरीत बजरीगारांची एक जोडी आहे. आपल्याकडे लोक यांना सरसकट 'लव्ह बर्ड' म्हणतात. वास्तविक त्या नावाचे पक्षी आफ्रिकेतले आणि निराळे. या जोडीची वाटी आम्ही कधी रिकामी राहू दिली नाही. सकाळी वाटी शिगोशीग भरावी, सायंकाळी टरफले फुंकून पुन्हा भरावी, आणि भूतदयेचे पुण्य पदरी पडले असे समजून निश्चिंत व्हावे, हा आमचा परिपाठ होता.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांतील निळी मादी स्वतःच्या छातीवरील पिसे उपटू लागली. आम्ही प्रथम उन्हाला दोष दिला, मग किडीला. कडुनिंबाच्या डहाळ्या पिंजऱ्यात टांगून पाहिल्या. गुण येईना, तेव्हा पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी पाखरू हातात घेऊन पिसे फुंकून पाहिली, चोच आणि नखे तपासली, वजन केले. कीड नाही, रोगाचेही लक्षण दिसत नाही, असे सांगून त्यांनी विचारले, "हेडमास्तर, ही दिवसभर करते काय?"

"करणार काय? खाते आणि बसून राहते."

"मग तेच तिचे दुखणे," ते म्हणाले.

बजरीगार हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील पक्षी. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने 1840 साली तो इंग्लंडात नेला आणि पुढे तो जगभर घरोघरी पोचला. रानात त्याचे थवे गवताचे बी आणि पाणी शोधत दूरदूर भटकतात. बी हुडकणे, ते खुडणे, सोलणे यांतच त्याच्या दिवसाचा मोठा भाग जातो. अशा उद्योगासाठी घडलेल्या चोचीपुढे आपण भरलेली वाटी ठेवतो. थोड्या वेळात पोट भरते. दिवस मात्र तसाच उरतो. मग रिकामी चोच स्वतःच्याच पिसांकडे वळते. अर्थात पिसे उपटण्याची कारणे अनेक असतात; आजार, कीड, एकटेपणा हीही असतात. म्हणून प्रथम पशुवैद्य, घरगुती उपाय त्यानंतर, हा क्रम वाचकांनी मोडू नये.

कष्टाचा घास प्राण्यांनाही गोड लागतो, यास शास्त्राचा आधार आहे. 1963 साली ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने पांढऱ्या उंदरांवर एक प्रयोग केला. एकीकडे खाद्याने भरलेली वाटी आणि दुसरीकडे दाबला की खाद्याची गोळी टाकणारा खटका, अशी त्यात योजना होती. वाटी समोर असूनही उंदीर आपल्या खाद्याचा काही भाग खटका दाबूनच मिळवीत राहिले. पुढे कबुतरे, कोंबड्या, पोपट, माकडे यांच्यातही हीच प्रवृत्ती दिसून आली. पाळीव मांजर तेवढे बहुधा आयते खाणे पसंत करते. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांस याचे नवल वाटू नये.

घरी येऊन आम्ही हा वृत्तांत मातोश्रींना सांगितला. त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. पूर्वी भल्या पहाटे जात्यापासून सुरू होणारा त्यांचा दिवस आम्ही, त्यांच्याच सुखासाठी म्हणून, हळूहळू रिकामा केला होता. "आई, तू आता काही करू नकोस, स्वस्थ बस," हे वाक्य घरात प्रत्येकाच्या तोंडी असे. आणि त्या बसत, ते त्या पिंजऱ्यासमोरच्याच खुर्चीवर. पशुवैद्यांचा प्रश्न सांगताना आमची जीभ थोडी अडखळली. त्या मात्र एवढेच म्हणाल्या, "खाकी कागद आहे का घरात?"

वाण्याकडचा जिन्नस कागदाच्या पुडीतून घरी येई, त्या काळची ही पिढी. दोऱ्यावाचून पुडी बांधण्याची कला मातोश्रींच्या बोटांत अद्याप आहे. चार बोटे लांबीरुंदीचा कोरा, छपाई नसलेला कागद घ्यावा, त्यात अर्धा चमचा दाणे घालावेत आणि टोक आत खोचून पुडी मिटावी. पिना, चिकटपट्टी, प्लॅस्टिक यांस सक्त मनाई. पहिल्या दिवशी पुडी अर्धवट उघडी ठेवून दाणे दिसू द्यावेत. उमज पडली की ती घट्ट करावी. आमची पाखरे पहिले चार दिवस तिला भिऊन कोपऱ्यात बसली. पाचव्या दिवशी नराने कागदाचा कोपरा फाडला आणि दाणे खाली सांडले. मातोश्रींनी हाक मारून सारे घर गोळा केले!

दुसरा जिन्नस राळ्याच्या कणसांचा. ज्यांच्या घरी भोगीला राळ्याचा भात होतो त्यांना राळे नवे नाहीत. आपले तेलुगू शेजारी त्यांना 'कोर्रलु' म्हणतात, तर पाखरांच्या दुकानात ती 'कांगनी' या नावाने मिळतात. भरडधान्यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच राजेंद्रनगरात आहे, आणि 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. भातासाठीचे राळे सडलेले असतात. पाखरांसाठी मात्र कोंड्यासह घ्यावेत, कारण सोलणे हाच त्यांचा उद्योग. कणीस मिळाल्यास स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, बोटभर तुकडा पिंजऱ्यात उंचावर अडकवावा. कणीस नसेल तर नारळाची करवंटी खरवडून तिच्या कडा घासाव्यात, तीत स्वच्छ वाळके गवत भरून मूठभर दाणे पेरावेत. टांगण्याचा दोर आखूड असावा आणि त्याचे धागे सुटलेले नसावेत. त्यांत नखे अडकतात.

तिसरा जिन्नस लाडवांचा, आणि त्यावरून घरात वाद झाला. 2 चमचे उकडून कुस्करलेले रताळे, 4 चमचे राळे आणि 1 चमचा बारीक चिरलेली शेवग्याची पाने एकत्र मळून गोट्यांएवढ्या गोळ्या कराव्यात. "अरे, गुळावाचून लाडू कसला?" मातोश्रींनी विचारले. गूळ, साखर, मीठ आणि तूप पाखरांना वर्ज्य, हे त्यांस पटवण्यास दोन दिवस लागले. हे लाडू दोन-तीन तासांत उचलून टाकावेत. आपल्या उन्हात ते लवकर आंबतात. एका पाखराला एक गोळी, तीही आठवड्यातून दोनदा, पुरे. गोडधोड सणाला शोभते, रोजच्या ताटाला नव्हे.

वरच्या मजल्यावर एका मुलाकडे दोन गिनीपिग आहेत. त्यांच्यासाठी कागदी पुठ्ठ्याच्या नळ्या घेऊन त्यांत वाळके गवत ठासून भरावे आणि मधूनमधून कोथिंबिरीच्या काड्या व ढोबळी मिरचीची फोड लपवावी. माणसाप्रमाणे गिनीपिगच्या शरीरातही 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. 1907 साली होल्स्ट व फ्रलिख या नॉर्वेच्या संशोधकांना स्कर्व्हीचा उलगडा करण्यास याच प्राण्याचे साहाय्य झाले. सशांनाही अशाच नळ्या चालतात. त्यांचे दात जन्मभर वाढत असल्याने गवत चावणे ही त्यांची गरजच आहे. गाजर मात्र चवीपुरते द्यावे. चित्रांतील ससे पाहून फसू नये.

आता काही सावधगिरीच्या सूचना. शोधून खाण्याची सवय लावायची म्हणजे उपाशी ठेवायचे नव्हे. लहान पाखरू उपास सोसू शकत नाही. पहिले दोन आठवडे निम्मे खाद्य वाटीतच ठेवावे, आणि स्वयंपाकघरातील लहान काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करावे. बजरीगाराचे वजन साधारण 30 ते 40 ग्रॅम असते; त्यात 3-4 ग्रॅमची घटही मोठी समजून वाटी पूर्ववत भरावी. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, सफरचंदाच्या बिया आणि बटरफ्रूट ही पाखरांस विषासमान. पावसाळ्यात दमट झालेले शेंगदाणे तर मुळीच देऊ नयेत. 1960 साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, हे लक्षात असावे. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पाखरू तत्काळ मरू शकते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आमच्या पिढीतील अनेकांच्या वाड्यांत ओसरीवर मिठू असे. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट, मैना, मुनिया यांना पिंजऱ्यात ठेवता येत नाही, आणि तेच योग्य आहे. त्यांच्यासाठी करायचे तर ते दाराबाहेर करावे. कोकणात नवान्नाला दाराशी भाताच्या लोंब्या बांधतात. आपले तेलुगू बांधव भाताच्या लोंब्यांचे सुरेख विणलेले झुबके चिमण्यांसाठी वळचणीला टांगतात. शेजारच्या काकूंनी गावाहून असाच एक झुबका आणून मातोश्रींना दिला. तो आता गॅलरीच्या गजाला आहे. दाणा आयता वाटीत न देता लोंबीतच ठेवावा, ही समज आपल्या वाडवडिलांना कोणत्याही प्रयोगावाचून होती, असे तो पाहताना वाटते.

निळ्या मादीची पिसे बहुतांशी परत आली. छातीवर चार आण्याच्या नाण्याएवढी जागा उघडीच राहिली, ती बहुधा तशीच राहील. घरातही थोडा फरक पडला आहे. सकाळी चहा होताच मातोश्री चष्मा लावून कागद मागतात. दुपारी त्यांना झोपा म्हणून सांगण्याचे आम्ही सोडून दिले आहे, आणि त्यांनी आपण होऊन भाजी निवडण्याचे काम परत मागून घेतले आहे. परवा आम्ही घाईत पिंजऱ्यातील वाटी काठोकाठ भरली, तेव्हा त्यांनी ती बाहेर काढून निम्मी रिकामी केली.

"इतके पुढ्यात वाढू नये रे," त्या म्हणाल्या, आणि पुडी वळू लागल्या.