मुलांच्या पावलांनी कांगेर खोरे

निसर्गशिक्षणाचा विचार आपल्याकडे बहुधा पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्यासंबंधी निर्देश दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तरमुक्त कालावधीची शिफारस केली. तथापि जंगलाची वाट प्रत्यक्ष पायाखाली आल्याशिवाय हे शिक्षण पुरे होत नाही. ही जबाबदारी शाळेइतकीच कुटुंबाचीही आहे. छत्तीसगडमधील कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

रायपूरहून बस्तरकडे

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडशी मराठी समाजाचा संबंध आहे. रायपूर येथील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून कार्यरत आहे. या शहरातील कुटुंबांना सह्याद्रीतील गडकोट दूर पडतात. परंतु बस्तरचे डोंगर एका दिवसाच्या प्रवासावर आहेत. धमतरी, कांकेर, केशकाळचा वळणावळणाचा घाट आणि कोंडागाव असा सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता जगदलपूरला पोहोचतो. तेथून सुमारे ३० किलोमीटरवर उद्यान आहे. लहान मुले बरोबर असल्यास पहिला मुक्काम जगदलपूर येथे करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानात जावे, हे श्रेयस्कर.

हिंदीतील ‘घाटी’ म्हणजे मराठीतील खोरे. कांगेर नदीच्या या खोऱ्यास १९८२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस किलोमीटर आहे. उत्तरेकडील साल आणि दक्षिणेकडील साग यांची वने येथे एकमेकांत मिसळतात. हुबेहूब माणसासारखे शब्द उच्चारणारी बस्तरची पहाडी मैना हा छत्तीसगडचा राज्यपक्षी असून या उद्यानात तिचा अधिवास आहे. मार्च २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत या उद्यानाचा समावेश झाला.

वेग मुलाचा, वाट सर्वांची

मोठ्यांच्या दृष्टीने पदभ्रमणाचे उद्दिष्ट म्हणजे अखेरचे ठिकाण. मुलाच्या दृष्टीने मात्र वाटेवरचे वारूळ, सालाचे पंखयुक्त फळ किंवा ओढ्यातील गोटा हेच उद्दिष्ट असते. त्यामुळे अंतर ठरवताना सर्वांत लहान सदस्याचे बळ हे माप मानावे. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी दोन-तीन किलोमीटरची सपाट वाट पुरेशी आहे. एका दिवसात सर्व स्थळे पाहण्याचा अट्टहास टाळून एक चाल व एक स्थळ इतकाच बेत आखावा. एक प्रौढ पुढे व एक मागे असावा. मुलाच्या गळ्यात शिट्टी द्यावी आणि वाट चुकल्यास जागचे न हलता ती वाजवावी, हे त्यास आधीच शिकवावे. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट व पुरेसे पाणी आवश्यक आहे. बस्तरमध्ये मलेरियाचा प्रादुर्भाव राहिला असल्याने राज्य शासनाने २०२० मध्ये मलेरियामुक्त बस्तर अभियान सुरू केले. मुक्कामात मच्छरदाणी वापरणे म्हणूनच अगत्याचे आहे.

स्थळांची निवडही वयानुसार करावी. कांगेर धारा येथे नदी खडकांवरून लहान लहान टप्प्यांनी उतरते. लहान मुलांसाठी हे ठिकाण सोयीचे आहे, मात्र त्यांना पाण्यात उतरू देऊ नये. तीरथगड धबधबा सुमारे ३०० फुटांवरून पायऱ्यापायऱ्यांनी कोसळतो. त्याच्या पायथ्याशी जाण्यासाठी बऱ्याच पायऱ्या उतराव्या व पुन्हा चढाव्या लागतात आणि खडक निसरडे असतात. शाळकरी मुलांना हे जमते. कडेवरच्या बाळासाठी वरूनच दर्शन घेणे योग्य. भैंसा दरहा या डोहात मगरी आहेत. तेथे काठापासून दूर राहण्याची शिस्त मुलांइतकीच मोठ्यांनीही पाळावयाची आहे.

गुहेतील पाठ

कुटुमसर ही येथील सर्वपरिचित गुहा. १९५० च्या दशकात प्रा. शंकर तिवारी यांनी तिचा शोध घेऊन अभ्यास केला. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते आणि चुनखडकाच्या भेगांत शिरून तो विरघळवते. हेच पाणी गुहेच्या छतातून थेंबाथेंबाने गळताना चुन्याचा सूक्ष्म थर मागे ठेवते. त्यातून छताकडून अधोमुखी व जमिनीकडून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ तयार होतात. या वाढीस हजारो वर्षे लागतात. हाताच्या स्पर्शाने त्यावर तेलकट थर बसला, तर ती वाढ खुंटू शकते. ‘हात लावू नको’ या आज्ञेमागील हे कारण सांगितले, की मूल ती आनंदाने पाळते.

गुहेतील पाण्यात दृष्टी व रंग दोन्ही क्षीण झालेला लहानसा मासा राहतो. पुण्यातील नमुन्यांवरून १८७२ साली ज्या माशाचे शास्त्रीय वर्णन झाले, त्याचाच हा गुहावासी आप्त मानला जातो. अंधारात डोळ्यांचा उपयोग नसला म्हणजे पिढ्यानपिढ्या काय घडते, याचा हा जिवंत पुरावा होय. प्रखर प्रकाश व गोंगाट यांनी या जीवसृष्टीस बाधा पोहोचते. गुहेचे तोंड अरुंद, आतील हवा दमट व वाट ओली असल्याने अगदी लहान मुलांना, तसेच दम्याचा त्रास असलेल्यांना आत नेऊ नये. पावसाळ्यात गुहांत पाणी भरते व त्या बंद ठेवल्या जातात. साधारणतः नोव्हेंबरपासून त्या पुन्हा खुल्या होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुलांसाठी सर्वांत सुखावह आहे.

वाटाड्या हाच दुवा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. प्रवेशद्वारावर नोंद करून स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यावा. बस्तरच्या नावाशी अनेक दशके हिंसेच्या बातम्या जोडल्या गेल्या; त्यामुळे निघण्यापूर्वी वनविभागाकडून मार्गांची ताजी माहिती घेणे हेही नियोजनाचेच अंग आहे. मात्र मार्गदर्शकाचे मोल सुरक्षिततेपुरते मर्यादित नाही. खोऱ्याच्या परिसरात प्रामुख्याने धुरवा आदिवासी राहतात. कोणत्या झाडाचा डिंक कशासाठी वापरतात, मैना कोणत्या ढोलीत घरटे करते, हे ज्ञान त्यांच्या रोजच्या जगण्यातील आहे. गावातील तरुण ‘मैना मित्र’ म्हणून या पक्ष्याच्या घरट्यांवर लक्ष ठेवतात. मराठी मुलांना आणखी एक आनंद मिळतो. बस्तरची संपर्कभाषा असलेली हलबी कानावर पडली, की ‘आमचो बस्तर’ या शब्दांचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

कांगेर नदीच्या वेढ्यातील धुडमारास या गावाची निवड संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट पर्यटन ग्राम उपक्रमाच्या उन्नयन कार्यक्रमासाठी केली. त्या वर्षी जगभरातील २० गावे त्यात होती. गावातील घरांत मुक्काम, स्थानिक भोजन आणि बांबूच्या तराफ्यावरील फेरी यांतून उत्पन्न गावातच राहते. नौकानयनात मुलांना जीवरक्षक जाकीट घालणे अनिवार्य मानावे. उद्यानातील गुडियापदर गावास वनाधिकार कायद्यान्वये २०२२ मध्ये सामूहिक वनसंसाधन हक्क मिळाले. संरक्षणाचा भार वाहणाऱ्यांना हक्काचा व उत्पन्नाचा वाटा मिळाला, तरच हे संरक्षण टिकाऊ ठरते.

पुढील दिशा

धावत्या वाहनातून चार स्थळे पाहून परतणारा पर्यटक गावासाठी फारसे काही मागे ठेवत नाही. बहुधा प्लॅस्टिकच्या बाटल्या मात्र ठेवतो. मुलांसह येणारे कुटुंब थांबत थांबत चालते, प्रश्न विचारते, गावात जेवते आणि मुक्कामही करते. म्हणून कुटुंबांना सोयीच्या होतील अशा एक ते तीन किलोमीटरच्या चिन्हांकित वाटा, अंतर व चढ दर्शविणारे फलक, स्वच्छतागृहे आणि मार्गदर्शकांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण यांवर भर देणे उचित ठरेल. या सोयींना मोठी बांधकामे लागत नाहीत. पालकांच्या बाजूने अपेक्षा आणखी साधी आहे: आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा, वाटाड्याचे मानधन घासाघीस न करता द्यावे आणि मूल एखाद्या झाडाखाली थांबले, तर त्याच्याबरोबर थांबावे.