शेलमधील अंतर्भूत मदत आज्ञा

अंतर्भूत मदत आज्ञा ही संगणकाच्या शेलमध्येच समाविष्ट असलेली, इतर आज्ञांची माहिती पडद्यावर दाखवणारी आज्ञा होय. तिला सहसा आंतरजालाची गरज नसते.

ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या बॅश (१९८९) या शेलमध्ये 'हेल्प' ही आज्ञा दिल्यास अंतर्भूत आज्ञांची यादी मिळते. 'हेल्प सीडी' असे लिहिल्यास 'सीडी'ची रचना व पर्याय कळतात (प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात). 'सीडी' शेलमध्येच असावी लागते, कारण वेगळा प्रोग्रॅम शेलची चालू निर्देशिका बदलू शकत नाही. 'एलएस' मात्र स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. त्यामुळे 'हेल्प एलएस'ला उत्तर मिळत नाही आणि नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. अशा वेळी 'मॅन' वापरतात. तिची परंपरा १९७१ च्या युनिक्स माहितीपुस्तिकेपर्यंत जाते. आज्ञा कोणत्या प्रकारची आहे, हे 'टाइप' सांगते.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-हेल्प' आहे. परंतु आवृत्ती ३ (२०१२) पासून तिचा सविस्तर मजकूर सोबत येत नाही. तो 'अपडेट-हेल्प'ने उतरवून घ्यावा लागतो, अन्यथा आज्ञेची केवळ रचना दिसते. जोडणी नसलेल्या संगणकासाठी हा मजकूर दुसऱ्या संगणकावर 'सेव्ह-हेल्प'ने साठवून आणता येतो.