शेजाऱ्यांना माहीत, बायकोला नाही! गुपचूप दिलेला तलाक कोर्टात का टिकत नाही

वीस-पंचवीस वर्षांचा संसार. नवरा कामासाठी पुण्याला किंवा हैदराबादला, बायको इकडे जिंतूरला नाहीतर पाथरीला, सासू-सासऱ्यांजवळ. हळूहळू पैसे येणं बंद होतं. घरच्यांच्या मध्यस्थीचा उपयोग होत नाही, तेव्हा ती परभणीच्या कोर्टात पोटगीचा अर्ज टाकते. नवऱ्याचा लेखी जबाब येतो आणि त्यात ती पहिल्यांदा वाचते की तिचा तलाक म्हणे तीन वर्षांपूर्वीच झालाय. या तीन वर्षांत ती त्याच्या बहिणीच्या घरच्या लग्नाला गेली, तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला त्याच्याच आईसोबत गेली, रेशन कार्डावर त्याचंच नाव राहिलं. त्याच्या मनात संसार संपला होता, तिच्या लेखी तो चालू होता.

हे चित्र आम्ही समजण्यासाठी रंगवलं आहे. पण अशाच एका प्रकरणाचा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला आहे आणि तो आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

शमीम आरा यांचा निकाह 1968 मध्ये झाला. चार मुलगे झाले. 1979 मध्ये त्यांनी स्वतःसाठी आणि दोन लहान मुलांसाठी पोटगी मागितली. प्रकरण अलाहाबादच्या कोर्टात रेंगाळत राहिलं. शेवटी 5 डिसेंबर 1990 रोजी नवऱ्याने लेखी जबाब दिला की, आपण 11 जुलै 1987 लाच तलाक दिला आहे. शिवाय मेहरच्या बदल्यात एक घर घेऊन दिलंय, त्यामुळे आता काही देणं लागत नाही. तलाक कोणासमोर दिला? तर शेजारपाजारच्या चार-पाच जणांसमोर. बायकोचं म्हणणं होतं, मला तलाक कधी मिळालाच नाही.

फॅमिली कोर्टाने नवऱ्याचं ऐकलं. त्यासाठी आधार काय घेतला, तर नवऱ्याने 1988 मध्ये दुसऱ्याच एका दाव्यात केलेलं शपथपत्र, आणि त्या दाव्यात शमीम आरा पक्षकारही नव्हत्या! म्हणजे तलाकची बातमी शेजारी, वकील, कारकून अशी सगळीकडे फिरली, फक्त जिचा तलाक तिच्यापर्यंत आली नाही. हायकोर्टाने मधला मार्ग काढला. 1987 चा तलाक तिला कळवलेला नव्हता, पण 1990 चा लेखी जबाब दाखल झाला तेव्हा तो पूर्ण झाला, असं म्हणून त्या तारखेपर्यंतचीच पोटगी दिली.

1 ऑक्टोबर 2002 रोजी सुप्रीम कोर्टाने दोन्ही गोष्टी फेटाळल्या. तलाक दिला म्हणणाऱ्याने तो सिद्ध करायला हवा. त्या चार-पाच शेजाऱ्यांपैकी एकालाही साक्षीला आणलेलं नव्हतं. आणि कधीकाळी तलाक दिला होता असं जबाबात लिहिल्याने त्या दिवसापासूनही तलाक होत नाही. तलाकला योग्य कारण हवं आणि त्याआधी दोन्ही घरच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा. निकाल शमीम आरा यांच्या बाजूने लागला, पण अर्जापासून 23 वर्षं गेली होती.

त्याच वर्षी, काही महिने आधी, मे 2002 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठातही हाच प्रश्न आला होता. परभणी जिल्ह्यातली प्रकरणं याच खंडपीठाकडे जातात. दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या नावाने तो निकाल ओळखला जातो आणि तो पूर्णपीठाचा आहे. त्यातही हेच सांगितलं: लेखी जबाबात किंवा तोंडी साक्षीत 'मी तलाक दिला' म्हणणं पुरेसं नाही. कारण, समेटाचा प्रयत्न, तलाकचा उच्चार, हे सगळं पुराव्याने दाखवावं लागेल. आधार होता सूरह निसाच्या 35 व्या आयतीचा, जिथे नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक मध्यस्थ नेमायला सांगितलं आहे.

काही लोक म्हणतात, कोर्ट आमच्या शरीअतमध्ये ढवळाढवळ करतं. आम्हाला इथे तरी तसं दिसत नाही. जो निकाह गवाहांसमोर होतो, ज्याचा वलीमा गावभर होतो, तो मोडल्याचं बायकोलाच कळू नये, हे कुठल्या शरीअतमध्ये बसतं? उलट सूरह तलाकमध्ये दोन साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे.

मग मागची तारीख टाकायचा उद्योग होतो कशाला? हिशेब सरळ आहे. तलाक तीन वर्षांपूर्वी झाला म्हटलं की इद्दतही संपली, इद्दतीचा खर्चही बुडाला. पण हा हिशेब आता चुकतो. 2001 च्या डॅनियल लतीफी निकालानुसार तलाक देणाऱ्याला इद्दतीच्या मुदतीतच बायकोच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करावी लागते. 10 जुलै 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की तलाक झालेली मुस्लिम स्त्रीही सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागू शकते. एका झटक्यातला तलाक तर 2019 च्या कायद्याने बाद आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता दुसरं गुपित. तेही याच घरातलं, फक्त ते माणूस गेल्यावर उघडं पडतं. नवऱ्याच्या मयतीनंतर मुलं असतील तर बायकोचा वारसा आठवा हिस्सा. दुसरा निकाह लपवलेला असेल तर त्याच आठव्या हिश्श्याचे दोन भाग होतात, प्रत्येकीला सोळावा. न दिलेला मेहर हे मात्र कर्ज आहे. ते वाटणीच्या आधी फेडायचं असतं. म्हणून निकाहनाम्यावर मेहर किती, त्यातला किती दिला, हे दोघांनाही माहीत असावं. सावकाराचं किंवा दुकानदाराचं देणंही सांगून ठेवलेलं बरं. वारसांवर ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच येतं, पण हे ठाऊक नसलेली बेवा तिसऱ्याच दिवशी दारात आलेल्या कुणालाही हो म्हणून बसते.

इथे कुणी विचारेल, बायका पैसे लपवत नाहीत का? लपवतात. गव्हाच्या डब्यात, बचत गटात, माहेरी. पण दोन्ही गुपितं आम्ही एका तराजूत टाकणार नाही. तिचा मेहर, तिची कमाई तिची स्वतःची आहे, त्याचा हिशेब नवऱ्याला देणं तिच्यावर बंधनकारक नाही. घरखर्च चालवणं त्याच्यावर आहे. तिने चार पैसे बाजूला ठेवले तर त्याचा कुठला हक्क जात नाही. त्याने तलाक लपवला तर तिचं छप्पर जातं.

घरी असा लेखी जबाब किंवा नोटीस आली तर घाबरून कुठेही सही किंवा अंगठा देऊ नका. त्यात तलाकची तारीख कोणती लिहिली आहे ते बघा आणि त्या तारखेनंतर तुम्ही दोघं नवरा-बायको म्हणून कुठे होतात, याची आठवण करा: दवाखान्याचे कागद, मुलांच्या शाळेतले फॉर्म, पैसे पाठवल्याच्या नोंदी. निकाहनाम्याची प्रत नसेल तर काझी साहेबांकडून काढून घ्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो, तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समितीकडे तो देता येतो.