मुंबईहून लंडन किती दूर?

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनिव्हा येथें थांबत लंडनला गेलें. आज हाच प्रवास मध्यें कोठेंही न उतरतां होतो. परंतु घरांतील मुलगी विलायतेला निघाली म्हणजे वडीलधारीं माणसें जे दोन प्रश्न विचारतात, ते बदललेले नाहींत : अंतर किती, आणि ती पोहोंचणार केव्हां?

पहिल्या प्रश्नासाठीं भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवणें उपयोगाचें नाहीं. पृथ्वी वाटोळी आहे. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो पट्टीच्या रेषेहून उत्तरेकडे झुकलेला दिसतो. आणि तोच मार्ग सर्वांत जवळचा. नेहमींच्या नाविक नकाशावरील सरळ रेषेनें जाणाऱ्यास सुमारे २०० किलोमीटर अधिक जावें लागेल.

या दोऱ्याची लांबी गणितानेंही काढतां येते. मुंबई, लंडन आणि उत्तर ध्रुव हे एका गोलीय त्रिकोणाचे तीन कोन मानावे. मुंबई ध्रुवापासून सुमारे ७१ अंश, लंडन सुमारे ३८॥ अंश, आणि दोहोंच्या रेखांशांतील अंतर सुमारे ७३ अंश. दोन बाजू व त्यांमधील कोन कळला कीं तिसरी बाजू त्रिकोणमितीनें निघते. ती येथें जवळजवळ ६५ अंश भरते. प्रत्येक अंशाचे ६० सागरी मैल धरले, म्हणजे सुमारे ३,९०० सागरी मैल, अर्थात् ७,२०० किलोमीटर होतात.

ताशीं ९०० किलोमीटर वेगानें हें अंतर आठ तासांचें. पण तो वेग हवेंतला. जमिनीवरून पाहतां त्यांत वाऱ्याची बेरीज किंवा वजाबाकी होते. उंचावरील वारे या मार्गावर बहुधा पश्चिमेकडून वाहतात. समोरून ताशीं १०० किलोमीटरचा वारा असेल, तर जाण्यास नऊ तास लागतील. तोच पाठीशीं असतां परतण्यास सात तास बारा मिनिटें. म्हणजे वारा जातांना एक तास हिरावून घेतो आणि येतांना अठ्ठेचाळीसच मिनिटें परत करतो! शिवाय कित्येक देशांवरील आकाश टाळून वळसा घ्यावा लागतो, तो वेगळाच. म्हणूनच इंधन केवळ अंतर पाहून भरीत नाहींत. वारा, वळसा आणि ऐन वेळीं दुसऱ्या विमानतळावर उतरण्याचा प्रसंग, या सर्वांची तरतूद आधीं करावी लागते. येथें हिशेब चुकणें म्हणजे प्राणाशीं गांठ.

उरला घड्याळांचा घोंटाळा. लंडनचें घड्याळ हिवाळ्यांत मुंबईच्या साडेपांच तास, आणि उन्हाळ्यांत साडेचार तास मागें असतें. हिवाळ्यांत दुपारीं एक वाजतां मुंबई सोडलेलें विमान साडेनऊ तासांनीं उतरलें, तर तेथें सायंकाळचे पांचच वाजलेले असतात. तिकिटावरून प्रवास चार तासांचा वाटावा! उलट, रात्रीं नऊला लंडनहून निघून नऊ तासांत येणारें विमान मुंबईस दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेअकराला उतरतें, आणि प्रवास साडेचौदा तासांचा भासतो. उपाय सोपा आहे : दोन्ही वेळा आधीं एकाच गांवच्या घड्याळांत आणाव्या, मगच वजाबाकी करावी. मुलीच्या निरोपाची वाट पाहणाऱ्या आईला तेवढें कळलें, तरी सायंकाळीं पांचपासून उगाच दूरध्वनीशीं बसून काळजी करण्याची पाळी तिच्यावर येणार नाहीं.