ड्रायव्हर कोठडीत, मालक कुठे?

नवऱ्याच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी तिच्या दारात एक गाडी थांबली. ट्रान्सपोर्ट कंपनीचा मॅनेजर पन्नास हजार रुपये घेऊन आला होता. ‘‘वहिनी, झालं ते फार वाईट झालं. एवढे ठेवा, पोरांना उपयोगी पडतील. फक्त इथे सही करा.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘घे बाई, घरात काही नाही.’’ तिने मात्र कागद आत नेला आणि मला फोन केला, ‘‘ताई, जरा येता का?’’

आमच्या महिला मंडळाच्या शिवणवर्गाला येणारी ही मुलगी. नवरा गवंडी, वय ३४. साताऱ्याजवळ हायवेवरून संध्याकाळी मोटारसायकलने घरी येताना मागून ट्रकने उडवलं. मागे ती, दोन मुलं आणि सासू. कागदावर लिहिलं होतं, ‘आम्हाला पूर्ण भरपाई मिळाली, आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही.’ मी म्हटलं, ‘‘आज सही करू नकोस.’’

मी काही वकील नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेली, घर सांभाळून मंडळाचं काम करणारी बाई. पण तिच्यासोबत कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना जे कळलं, ते मैत्रिणींनो, तुम्हालाही ठाऊक असावं असं वाटतं. २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली. त्यातल्या किती घरांत असा कागद आला असेल!

आपल्याला वाटतं, ड्रायव्हरला पकडलं म्हणजे झालं. पण एका अपघातातून दोन वेगळी प्रकरणं उभी राहतात. पहिला फौजदारी खटला. तो सरकार चालवतं, ड्रायव्हरवर. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत झाली. पण त्या शिक्षेने घरात पीठ येत नाही. त्यासाठी दुसरं प्रकरण आपणच दाखल करायचं: मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा. तिथे ड्रायव्हरसोबत गाडीचा मालक आणि विमा कंपनीलाही उभं राहावं लागतं. नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची, असा कायदा आहे. विमा असेल तर मालकाच्या वतीने ती विमा कंपनी भरते.

वकीलबाईंनी आम्हाला हिशोब मांडून दाखवला. महिना कमाई १२ हजार. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचं काम, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे. झाले १६,८००, वर्षाचे २,०१,६००. घरात चार अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १,५१,२००. चौतीसाव्या वर्षासाठी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला गुणक १६. उत्तर आलं २४ लाख १९ हजार २००. ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. अर्थात कमाई सिद्ध करावी लागते. गवंड्याला कुठली पगाराची स्लिप? मुकादमाच्या वहीतल्या नोंदी आम्ही मिळवल्या.

दावा दाखल होताच ट्रान्सपोर्ट कंपनीने हात वर केले. म्हणे गाडी आमची नाहीच, भाड्याने लावलेली. मग ते पन्नास हजार कशाचे आणले होते? कायदा आर. सी. बुकावर ज्याचं नाव, त्याला मालक धरतो. तो निघाला दुसऱ्याच जिल्ह्यातला, दोन ट्रकचा धनी. माल कोणी भरला, कधीपर्यंत पोचवायला सांगितला, हे फौजदारी खटल्यात अजून कोणी विचारलेलंही नाही.

ते आम्हाला सांगितलं एका बाईने. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, कडेवर लहान मूल. ती ड्रायव्हरची बायको. जामिनासाठी दागिना गहाण टाकलेला. ‘‘दोन रात्री झोपले नव्हते ओ. सारखा फोन यायचा, सकाळपर्यंत माल पोचला पाहिजे.’’ मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, असं १९६१च्या कायद्यानेच सांगितलं होतं! आमची मुलगी गप्प ऐकत होती. घरी येताना एस. टी.त एवढंच म्हणाली, ‘‘त्याला झोपू दिलं असतं, तर माझा माणूस आज असता.’’

म्हणून काही गोष्टी लिहून ठेवा. एफ. आय. आर., पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आर. सी., विमा आणि लायसन्सच्या प्रती मागून घ्या. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची चौकशी करा. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दाखल होतो, मालकाच्या गावी जावं लागत नाही. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. उशीर झाला असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नका. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख रुपयांची सरकारी योजना आहे. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तिचा दावा अजून चालू आहे. तारखा पडतात, ती शिवणाचं काम बाजूला ठेवून जाते. पुढच्या तारखेला मालकाला हजर राहायला सांगितलं आहे. तो सही न केलेला कागद तिने ट्रंकेत जपून ठेवलाय. विचारलं तर म्हणते, ‘‘असू दे ताई. पोरं मोठी झाली की दाखवीन.’’